दूध काढणी यंत्र

दूध काढणी यंत्र हे गाय, म्हैस, शेळी, मेंढी इत्यादी दुभत्या जनावरांच्या सडांतून निर्वाताच्या साहाय्याने दूध काढणारे यंत्र होय. त्याला दोहनयंत्र किंवा मिल्किंग मशीन असेही म्हणतात. एका जनावराचे दूध एका बादलीत काढणाऱ्या लहान फिरत्या संचापासून माणसाच्या मदतीशिवाय चालणाऱ्या रोबोपर्यंत त्याचे अनेक प्रकार आहेत. विसाव्या शतकात युरोप, उत्तर अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड येथील दुग्धव्यवसाय जवळजवळ पूर्णपणे यंत्रावर गेला. भारतात बहुतांश जनावरांची धार आजही हाताने काढली जाते. मात्र संकरित गाईंचे गोठे मोठे होऊ लागल्यापासून यंत्राचा वापर वाढत आहे.

यंत्रामुळे श्रम आणि वेळ वाचतो, तसेच दूध बाहेरच्या धुळीच्या व हातांच्या संपर्कात कमी येते. परंतु हे लाभ यंत्राच्या देखभालीवर आणि धार काढण्याच्या शिस्तीवर अवलंबून असतात. निर्वाताची पातळी चुकल्यास, रबरी भाग झिजल्यास किंवा धुण्यात हयगय झाल्यास हेच यंत्र कासदाहाचे व दूध नासण्याचे कारण ठरू शकते.

हाताने धार काढणे

हाताने धार काढण्याच्या तीन पद्धती प्रचलित आहेत. पूर्ण मूठ पद्धतीत सड तळहात आणि बोटांमध्ये धरून वरून खाली क्रमाने दाबला जातो. चिमटी पद्धतीत अंगठा व तर्जनी यांच्यामध्ये सड धरून खाली ओढला जातो. अंगठा मुडपण्याच्या पद्धतीत सड वाकवलेल्या अंगठ्यावर दाबला जातो. यांपैकी पूर्ण मूठ पद्धत जनावरासाठी सर्वांत सुखकर मानली जाते. चिमटीने ओढल्यास किंवा अंगठा मुडपून दाबल्यास सडाला इजा होण्याचा संभव असतो. फार आखूड सडांची धार मात्र चिमटीनेच काढावी लागते.

हात आणि यंत्र यांच्या कामाचे तत्त्व परस्परांहून भिन्न आहे. हाताने सड दाबताना सडाच्या आतील दाब वाढतो आणि त्यामुळे दूध बाहेर ढकलले जाते. यंत्रात सडाच्या बाहेरील हवेचा दाब कमी केला जातो, त्यामुळे आतील दूध बाहेर येते. वासरू पिते तेव्हाही तोंडात निर्वात निर्माण होतो आणि प्रत्येक घोटाबरोबर तो सैल पडतो. या अर्थाने यंत्राचे काम हातापेक्षा वासराच्या पिण्याशी अधिक जुळते.

पान्हा सोडण्याची क्रिया

कासेतील दुधाचा मोठा भाग दूधपेशींच्या सूक्ष्म पिशव्यांमध्ये साठलेला असतो आणि तो केवळ ओढून बाहेर येत नाही. वासराने ढुसण्या दिल्यावर, कास धुतल्यावर किंवा सड चोळल्यावर त्याची संवेदना मज्जातंतूंमार्फत मेंदूकडे जाते. त्यानंतर पश्च पीयूषिका ग्रंथीतून ऑक्सिटोसिन हे संप्रेरक रक्तात सोडले जाते. त्याच्या प्रभावाने दुधाच्या पिशव्यांभोवतालचे स्नायूतंतू आकुंचन पावतात व दूध खाली सडांकडे उतरते. यालाच पान्हा सोडणे किंवा पान्हवणे म्हणतात. आंबोणाची पाटी, चरवीचा आवाज, धार काढणाऱ्या माणसाची चाहूल यांसारख्या रोजच्या खुणांनीही सवयीचे जनावर पान्हा सोडते.

गाईंमध्ये ही क्रिया साधारणपणे एका मिनिटाच्या आसपास सुरू होते आणि तिचा प्रभाव सुमारे पाच ते आठ मिनिटे टिकतो. जनावर घाबरल्यास, त्याला मारहाण झाल्यास किंवा वेदना झाल्यास अ‍ॅड्रेनॅलिन स्रवते व पान्हा अडतो. अशा जनावराला "दूध चोरते" असे म्हटले जात असले, तरी ही क्रिया त्याच्या इच्छेवर अवलंबून नसते.

धार काढण्याचे काम पान्ह्याच्या या मर्यादित वेळेत संपणे आवश्यक असते. जास्त दूध देणाऱ्या संकरित गाईचे संपूर्ण दूध एका माणसाला तेवढ्या वेळात हाताने काढणे कठीण जाते. मागे राहणारे दूध सर्वांत अधिक स्निग्धांशाचे असते, कारण धारेच्या सुरुवातीपेक्षा शेवटी स्निग्धांशाचे प्रमाण बरेच वाढलेले असते. दुधाचा दर स्निग्धांशावर ठरत असल्याने अपुऱ्या धारेचा फटका उत्पादकाला दोन प्रकारे बसतो: दूध कमी भरते आणि दरही कमी मिळतो.

इतिहास

यांत्रिक पद्धतीने दूध काढण्याचे आरंभीचे प्रयत्न सडात नळ्या घालण्याचे होते. पक्ष्यांच्या पिसांचे पोकळ देठ, लाकडी नळ्या आणि पुढे धातूच्या नळ्या सडाच्या छिद्रातून आत सरकवून दूध वाहू दिले जात असे. इंग्लंडमधील ब्लर्टन यांनी १८३६ मध्ये अशा नळ्यांच्या साधनाचे एकस्व घेतले. या पद्धतीमुळे सडाच्या टोकावरील स्नायू सैल पडून दूध सतत गळत असे, तसेच रोगजंतू थेट कासेत जात. त्यामुळे ती मागे पडली.

त्यानंतर संशोधकांचे लक्ष निर्वाताकडे वळले. अमेरिकेत एल. ओ. कॉल्विन यांनी १८६० मध्ये हाताने चालवायच्या निर्वात यंत्राचे एकस्व मिळवले. १८७९ मध्ये न्यू जर्सी येथील अ‍ॅना बाल्डविन यांनी कासेवर बसणारे रबरी आवरण आणि हातपंप असलेल्या साधनाचे एकस्व घेतले. स्कॉटलंडमधील किल्मार्नॉक येथील विल्यम मर्चलंड यांचे १८८९ मधील यंत्र पाण्याच्या स्तंभाने निर्वात निर्माण करत असे. या सर्व यंत्रांमध्ये एक समान दोष होता: सडावरील ओढ अखंड राहत असे. त्यामुळे सडाच्या टोकाकडे रक्त साकळून सूज येई आणि जनावराला वेदना होत.

हा दोष दूर करणारी कल्पना ग्लासगोच्या अलेक्झांडर शील्ड्स यांच्या "थिसल" नावाच्या यंत्रात आली. १८९५ च्या सुमारास पुढे आलेल्या या यंत्रात निर्वात ठरावीक अंतराने कमी-जास्त होत असे. त्यासाठी वापरलेल्या भागाला पल्सेटर म्हणतात. १९०२-०३ च्या सुमारास अमेरिकेतील हल्बर्ट व पार्क, तसेच ऑस्ट्रेलियातील अलेक्झांडर गिलीस यांनी दोन कप्प्यांचा सडकप विकसित केला. त्यात सडाला लागून असलेल्या रबरी नळीत दूध वाहते आणि नळीबाहेरच्या कप्प्यातील दाब बदलून सडाला विश्रांती दिली जाते. आजचे जवळजवळ सर्व संच याच तत्त्वावर चालतात. साय वेगळी करणाऱ्या यंत्रासाठी प्रसिद्ध असलेल्या स्वीडिश अभियंता गुस्ताफ डी लाव्हाल यांच्या नावाच्या कंपनीनेही पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस आपले यंत्र बाजारात आणले.

यंत्राचा प्रसार सर्वत्र सारख्या गतीने झाला नाही. मोठे कळप आणि मजुरांची टंचाई असलेल्या न्यूझीलंड व ऑस्ट्रेलियात ते लवकर रुजले. अमेरिकेत १९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत बहुसंख्य शेतांवर वीजच नव्हती. १९३६ च्या ग्रामीण विद्युतीकरण कायद्यानंतर आणि विशेषतः दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे हाताने धार काढणे झपाट्याने मागे पडले.

पुढील टप्प्यात यंत्राबरोबर गोठ्याची मांडणीही बदलली. १९३० मध्ये न्यू जर्सीतील प्लेन्सबरो येथे ५० गाई एकाच वेळी उभ्या राहू शकतील असा फिरता चौथरा उभारण्यात आला. १९५२ मध्ये न्यूझीलंडच्या वायकाटो भागातील शेतकरी रॉन शार्प यांनी हेरिंगबोन मांडणी तयार केली, तर १९६९ मध्ये त्याच देशातील तारानाकी भागातील मर्व्ह हिक्स यांनी चक्राकार दोहनगृह उभारले. १९९२ मध्ये नेदरलँड्समध्ये पहिले व्यावसायिक दूध काढणी रोबो कामाला लागले.

रचना

साध्या संचाचे प्रमुख भाग पुढीलप्रमाणे असतात.

निर्वात पंप: विजेच्या मोटारीवर किंवा इंजिनावर चालणारा हा पंप नळ्यांमधील हवा बाहेर काढतो. त्याचे तेल लागणारे आणि कोरडे असे दोन प्रकार आहेत.

निर्वात टाकी: पंप आणि नळ्या यांच्यामध्ये असलेली ही टाकी निर्वात स्थिर ठेवण्यास मदत करते. चुकून आलेले दूध किंवा पाणी तिच्यात अडते व पंपापर्यंत पोहोचत नाही.

नियामक आणि दाबमापक: निर्वात ठरलेल्या मर्यादेबाहेर गेल्यास नियामक बाहेरची हवा आत घेतो. दाबमापकावर निर्वाताची पातळी दिसते.

पल्सेटर: हा भाग सडकपाच्या बाहेरील कप्प्यात आळीपाळीने निर्वात आणि हवा सोडतो.

सडकप: धातूचे किंवा प्लास्टिकचे कठीण आवरण आणि त्याच्या आत ताणून बसवलेली रबराची अथवा सिलिकॉनची नळी मिळून सडकप बनतो. या नळीला लायनर म्हणतात. सडाला प्रत्यक्ष स्पर्श करणारा यंत्राचा हा एकमेव भाग आहे.

क्लॉ: चारही सडांचे दूध या लहान भांड्यात एकत्र येते आणि मोठ्या नळीतून पुढे जाते. चार सडकप आणि क्लॉ यांच्या जोडणीला क्लस्टर म्हणतात.

बादली किंवा दूधवाहिनी: लहान संचांत दूध झाकणबंद स्टीलच्या बादलीत जमा होते. मोठ्या गोठ्यांत ते नळीवाटे थेट शीतटाकीत जाते.

कार्यपद्धती

गाईंसाठी निर्वाताची पातळी साधारणपणे ४० ते ५० किलोपास्कल, म्हणजे पाऱ्याच्या सुमारे ३०० ते ३८० मिलिमीटर इतकी ठेवली जाते. पल्सेटरची आवर्तने मिनिटाला ६० च्या आसपास असतात. प्रत्येक आवर्तनाचे दोन भाग पडतात. पहिल्या भागात लायनर व आवरण यांच्यामधील कप्प्यातून हवा काढली जाते, लायनर उघडतो आणि सडातून दूध वाहते. दुसऱ्या भागात त्या कप्प्यात हवा शिरते, लायनर सडाभोवती मिटतो आणि दूध थांबते. या वेळी सडाच्या टोकावर सौम्य दाब पडून तेथील रक्ताभिसरण पूर्ववत होते. दोन भागांचे प्रमाण बहुधा ६०:४० असते. मिनिटाला ६० आवर्तने असल्यास प्रत्येक सेकंदात ०.६ सेकंद दूध वाहते आणि ०.४ सेकंद सडाला विश्रांती मिळते.

शेळ्या-मेंढ्यांच्या कासेला दोनच सड असल्याने त्यांच्यासाठी दोन कपांचा क्लस्टर वापरतात आणि आवर्तनांचा वेग गाईंपेक्षा अधिक ठेवतात.

प्रकार

बादली संच: पंप, टाकी आणि एक किंवा दोन बादल्या चाकांच्या गाड्यावर बसवलेल्या असतात. गाडा जनावरांच्या रांगेतून फिरवला जातो. काही गोठ्यांत पंप एका जागी ठेवून निर्वाताची नळी दावणीवरून फिरवतात व फक्त बादली हलवतात. लहान व मध्यम गोठ्यांसाठी हा प्रकार सोयीचा ठरतो.

दूधवाहिनी संच: जनावरे आपल्या जागी बांधलेली असतात आणि दूध गोठ्यातील बंद नळीतून दूधखोलीपर्यंत जाते.

दोहनगृह: जनावरे धारेपुरती वेगळ्या जागेत आणली जातात. हेरिंगबोन मांडणीत माशाच्या काट्याप्रमाणे तिरप्या उभ्या असलेल्या जनावरांच्या दोन रांगांमध्ये खड्डा असतो. धार काढणारा त्या खड्ड्यात उभा राहत असल्यामुळे कास त्याच्या हातांच्या उंचीवर येते व वाकावे लागत नाही. चक्राकार दोहनगृहात जनावर फिरत्या चौथऱ्यावर चढते आणि फेरी पूर्ण होईपर्यंत त्याची धार संपते.

रोबो: गाय आपल्या सोयीने रोबोच्या कप्प्यात येते. गळ्यातील किंवा कानातील संवेदकावरून तिची ओळख पटते व खुराक मिळतो. यांत्रिक हात लेसर किंवा कॅमेऱ्याच्या साहाय्याने सड शोधून ते धुतो आणि कप बसवतो. प्रत्येक सडाचे दूध स्वतंत्रपणे मोजले जाते. दुधाची विद्युतवाहकता वाढल्यास कासदाहाची शक्यता दर्शवणारी सूचना मिळते. एक कप्पा साधारणपणे ५० ते ७० गाईंना पुरतो.

दूध काढण्याचा क्रम

यंत्राने धार काढताना पुढील क्रम पाळला जातो.

१. प्रथम पहिलारू व निरोगी जनावरे, त्यानंतर इतर आणि सर्वांत शेवटी आजारी जनावरे घेतली जातात.

२. प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन-तीन धारा काळ्या रंगाच्या किंवा जाळीच्या कपात हाताने काढून गाठी, पाणचटपणा किंवा रक्त दिसते का ते पाहिले जाते. या धारा इतर दुधात मिसळत नाहीत किंवा जमिनीवरही सोडत नाहीत.

३. सड स्वच्छ करून प्रत्येक जनावरासाठी वेगळ्या कोरड्या कापडाने किंवा कागदाने पुसले जातात. ओल्या सडावर कप घसरतो आणि कासेवरील घाण पाण्याबरोबर दुधात उतरते.

४. सडांना पहिला स्पर्श झाल्यापासून साधारण एक ते दीड मिनिटात कप बसवले जातात. त्यापूर्वी बसवल्यास पान्हा उतरलेला नसतो. फार उशीर केल्यास संप्रेरकाचा प्रभाव वाया जातो.

५. दुधाचा प्रवाह थांबल्यावर आधी निर्वात बंद केला जातो व नंतर कप काढले जातात. निर्वात चालू असताना क्लस्टर ओढून काढल्यास सडाला इजा होते.

६. सड आयोडीनयुक्त किंवा अन्य जंतुनाशक द्रावणात बुडवले जातात.

७. धार झाल्यावर सडाचे छिद्र पूर्ण मिटण्यास सुमारे अर्धा तास लागतो. तेवढा वेळ जनावर खाली बसू नये म्हणून त्याच्यासमोर चारा टाकला जातो.

कासेचे आरोग्य

कासदाह हा दुभत्या जनावरांचा सर्वांत खर्चिक आजार मानला जातो. ग्रामीण भागात त्याला दगडी असेही म्हणतात. स्टॅफिलोकॉकस ऑरियस, स्ट्रेप्टोकॉकस अ‍ॅगॅलॅक्टी यांसारखे जिवाणू सडाच्या छिद्रातून कासेत शिरल्याने तो होतो. कास सुजलेली नसतानाही आतून संसर्ग असू शकतो. अशा सुप्त कासदाहात दूध घटते, परंतु बाह्य लक्षणे दिसत नाहीत. १९५७ मध्ये विकसित झालेल्या कॅलिफोर्निया कासदाह चाचणीने तो गोठ्यातच ओळखता येतो. चार कप्प्यांच्या तबकडीत चारही सडांचे दूध घेऊन त्यात रसायन मिसळले असता संसर्ग झालेल्या सडाचे दूध घट्ट होते.

यंत्रामुळे कासदाह वाढण्याची तीन प्रमुख कारणे आहेत. पहिले कारण म्हणजे दूध संपल्यावरही यंत्र चालू ठेवणे. त्यामुळे सडाच्या टोकावरील त्वचा जाड व खरखरीत होते आणि तेथे जिवाणूंना थारा मिळतो. दुसरे कारण निर्वाताची अस्थिरता हे आहे. कप घसरून हवा आत शिरल्यास दुधाचे थेंब उलट दिशेने वेगाने सडावर आदळतात व त्यांच्याबरोबर जिवाणू आत ढकलले जातात. तिसरे कारण एका जनावराचा संसर्ग लायनरमार्फत दुसऱ्याकडे जाणे हे होय. हाताने धार काढतानाही न धुतलेल्या हातांनी संसर्ग पसरतो. परंतु एकच क्लस्टर संपूर्ण गोठ्यात फिरत असल्याने यंत्रातील एक दोष एकाच वेळी अनेक जनावरांना बाधतो.

रबरी लायनर दिसायला चांगला असला, तरी कालांतराने त्याची लवचिकता कमी होते व सूक्ष्म भेगांत जिवाणू वाढतात. त्यामुळे साधारण २,५०० वेळा दूध काढल्यानंतर तो बदलण्याची शिफारस केली जाते. एका क्लस्टरवर दहा गाईंची दोन वेळा धार काढली जात असल्यास ही मर्यादा सुमारे चार महिन्यांत गाठली जाते.

स्वच्छता आणि दुधाची प्रत

धार संपताच संच प्रथम कोमट पाण्याने धुतला जातो. या वेळी उकळते पाणी वापरल्यास दुधातील प्रथिने नळ्यांना चिकटून बसतात. त्यानंतर गरम पाण्यात अल्कधर्मी धुलाई पावडर मिसळून ते द्रावण नळ्यांमधून फिरवले जाते. त्याने स्निग्धांश व प्रथिने निघतात. शेवटी स्वच्छ पाण्याने धुऊन नळ्या निथळत ठेवल्या जातात. पाण्यातील व दुधातील क्षारांचा थर काढण्यासाठी ठरावीक दिवसांनी आम्लयुक्त द्रावण वापरावे लागते. जड पाण्याच्या भागात त्याची गरज अधिक भासते.

दुधाची प्रत मोजण्यासाठी त्यातील जिवाणूंची संख्या आणि कायिक पेशींची संख्या पाहिली जाते. पहिली संख्या स्वच्छता व शीतकरण यांवर, तर दुसरी मुख्यतः कासेच्या आरोग्यावर अवलंबून असते. युरोपीय संघात गाईच्या कच्च्या दुधासाठी प्रति मिलिलिटर १ लाख जिवाणू आणि ४ लाख कायिक पेशी अशी कमाल मर्यादा आहे. यंत्राने काढलेले दूधही तसेच ठेवल्यास नासते. त्यामुळे ते लवकरात लवकर ४ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करणे आवश्यक असते.

म्हशींसाठी वापर

दूध काढणी यंत्र मूलतः युरोपीय गाईंना समोर ठेवून विकसित झाले. म्हशींच्या कासेची रचना त्याहून वेगळी असते. गाईच्या कासेतील सुमारे २० टक्के दूध सडांजवळच्या पोकळीत आधीच उतरलेले असते. म्हशीत हे प्रमाण सुमारे ५ टक्के इतकेच असते. त्यामुळे पान्हा येईपर्यंत म्हशीच्या सडांतून जवळजवळ काहीच निघत नाही, आणि पान्हा येण्यासही गाईपेक्षा अधिक वेळ लागतो. तिचे सड लांब असतात आणि टोकावरील स्नायू अधिक घट्ट असतो. म्हणून म्हशींसाठी निर्वाताची पातळी किंचित अधिक ठेवतात, योग्य मापाचे लायनर वापरतात आणि कप बसवण्यापूर्वी कासेला जास्त वेळ चोळतात. इटलीत मोझरेला चीजसाठी पाळल्या जाणाऱ्या म्हशींचे दूध मोठ्या प्रमाणावर यंत्राने काढले जाते.

भारतीय म्हशी आणि गीरसारख्या देशी गाई यांना पान्हा सोडण्यासाठी वासराची सवय असते. वासरू दगावल्यास त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते समोर ठेवण्याची जुनी प्रथा होती. काही ठिकाणी ऑक्सिटोसिनची इंजेक्शने देऊन दूध उतरवले जाते. दूध वाढवण्यासाठी जनावराच्या आरोग्याला घातक असे इंजेक्शन देणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० च्या कलम १२ नुसार गुन्हा आहे.

महाराष्ट्रात कोल्हापूर शहरातील गंगावेशीसारख्या दूध कट्ट्यांवर म्हैस ग्राहकासमोर पिळून धारोष्ण दूध देण्याची परंपरा आहे. वासराशिवाय आणि गजबजलेल्या ठिकाणीही पान्हा सोडणे हे त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या पंढरपुरी म्हशीचे वैशिष्ट्य मानले जाते.

भारतातील वापर

२०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार भारतात सुमारे १९.२५ कोटी गोवंशीय जनावरे आणि १०.९८ कोटी म्हशी होत्या. देशाचे दूध उत्पादन २०२३-२४ मध्ये २३.९३ कोटी टन होते. हे उत्पादन प्रामुख्याने दोन-चार जनावरे असलेल्या कुटुंबांकडून होते. १९७० ते १९९६ या काळात राबवलेल्या धवल क्रांती योजनेने अशाच लहान उत्पादकांचे दूध सहकारी संस्थांमार्फत शहरांपर्यंत पोहोचवले. संकलन, वाहतूक आणि प्रक्रिया यांचे आधुनिकीकरण झाले, परंतु गोठ्यातील धार मात्र हातानेच काढली जात राहिली. दोन जनावरांसाठी यंत्र विकत घेणे, चालवणे आणि रोज दोनदा धुणे लहान कुटुंबाला परवडणारे नव्हते.

हे चित्र बदलण्यास संकरित पैदास कारणीभूत ठरली. महाराष्ट्रात मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळीकांचन येथे स्थापन केलेल्या बाएफ या संस्थेने कृत्रिम रेतनाद्वारे संकरित गाईंचा प्रसार केला. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने होल्स्टिन फ्रिजियन, जर्सी आणि गीर यांच्या संकरातून फुले त्रिवेणी ही गाय विकसित केली. पुणे, अहिल्यानगर, सांगली, कोल्हापूर, सातारा व सोलापूर या जिल्ह्यांत संकरित गाईंवर आधारित गोठे उभे राहिले. एका गाईच्या धारेला आठ ते दहा मिनिटे धरली, तर दहा गाईंच्या गोठ्यात एका माणसाला रोज सुमारे तीन तास केवळ धारा काढण्यात द्यावे लागतात. त्यातच संकलन केंद्राची वेळ ठरलेली असते आणि धार काढण्यात तरबेज मजूर मिळणे कठीण होत जाते. त्यामुळे मध्यम आकाराच्या गोठ्यांत बादली संच आले. पुणे जिल्ह्यातील मंचर येथील भाग्यलक्ष्मी डेअरी फार्मसारख्या मोठ्या प्रकल्पांत चक्राकार दोहनगृहही आहे.

यंत्राच्या खरेदीसाठी केंद्र व राज्य शासनांच्या विविध योजनांतून वेळोवेळी अनुदान अथवा सवलतीचे कर्ज देण्यात येते. काही सहकारी दूध संघही आपल्या सभासदांना यासाठी साहाय्य करतात.

हाताकडून यंत्राकडे

हाताची सवय असलेली जनावरे यंत्राला लगेच स्वीकारत नाहीत. त्यामुळे आरंभीचे काही दिवस हाताने धार काढत असताना यंत्र जवळच चालू ठेवून जनावराला आवाजाची सवय लावली जाते. नव्याने व्यालेल्या पहिलारू गाई जुन्या गाईंपेक्षा लवकर रुळतात. धारेची वेळ, जागा आणि माणूस शक्यतो बदलला जात नाही. फार आखूड, वाकडे किंवा जखमी सड असलेली काही जनावरे यंत्रास अयोग्य ठरतात व त्यांची धार हातानेच काढावी लागते.

वीजपुरवठा ही ग्रामीण भागातील मोठी अडचण आहे. यंत्रावर रुळलेल्या दहा-पंधरा गाईंची धार वीज गेल्यावर अचानक हाताने काढणे अवघड जाते, आणि धार चुकल्यास कासेवर ताण येऊन कासदाहाचा धोका वाढतो. म्हणून संचाबरोबर जनरेटर, इन्व्हर्टर किंवा पेट्रोल इंजिनाची सोय ठेवली जाते. सुटे भाग आणि दुरुस्ती जवळपास उपलब्ध असणे हेही खरेदीच्या निर्णयात महत्त्वाचे ठरते.

श्रम आणि सामाजिक परिणाम

हाताने धार काढणाऱ्या व्यक्तीची बोटे, मनगटे, गुडघे व पाठ यांवर वर्षानुवर्षे ताण पडतो. भारतात गोठ्यातील झाडलोट, चारापाणी आणि धार यांचा मोठा भार स्त्रियांवर असतो. यंत्रामुळे त्यांचे धारेचे श्रम कमी होतात; मात्र बादल्या, लायनर आणि नळ्या धुण्याचे नवे काम दिवसातून दोनदा वाढते. यंत्र चालवण्याचे प्रशिक्षण घरातील पुरुषाने घेतले आणि प्रत्यक्ष काम स्त्रीने केले, तर निर्वाताची पातळी किंवा लायनर बदलण्याची मुदत यांसारखी माहिती तिच्यापर्यंत पोहोचत नाही. त्यामुळे प्रत्यक्ष धार काढणाऱ्या व्यक्तीला प्रशिक्षण देणे महत्त्वाचे ठरते.

यंत्राचा खर्च भरून निघण्यासाठी गोठ्यात जनावरांची किमान संख्या लागते. त्यामुळे यंत्र घेतल्यावर गाई वाढवण्याकडे आणि त्यासाठी कर्ज घेण्याकडे कल होतो. दुधाचे दर पडल्यास अशा गोठ्यांना लहान गोठ्यांपेक्षा अधिक झळ बसते. न्यूझीलंड, अमेरिका आणि युरोपातील अनेक देशांत यांत्रिकीकरणाच्या काळात गोठ्यांची संख्या घटली आणि प्रत्येक गोठ्यातील जनावरे वाढली.

हे सुद्धा पहा

धवल क्रांती
वर्गीस कुरियन
राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ
कासदाह
पंढरपुरी म्हैस